रेघ कुठे ओढायची? घोड्यांच्या आतड्यात दडलेल्या जंतांसाठी रक्तचाचणी घडवताना

या प्रकरणातली माणसं, तबेले आणि प्रयोगशाळा ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्या गटात मी एलायझाच्या, म्हणजे रक्तातली संरक्षक प्रथिनं (प्रतिपिंड) रंगावरून मोजणाऱ्या चाचणीच्या, टेबलावर काम करत होतो. त्यामुळे जे चुकलं त्यातलं बरंचसं माझ्या हातून गेलेलं आहे.

पार्श्वभूमी

सुरुवात एका तीन वर्षांच्या घोडीपासून झाली. हिवाळा सरता सरता तिला पातळ जुलाब लागले. आठवड्याभरात बरगड्या मोजता येतील अशी ती खंगली, पोटाखाली आणि पायांवर सूज उतरली. डॉक्टरांनी लीद तपासली, जंतांची अंडी शून्य. पुन्हा तपासली, पुन्हा शून्य. उपचार चालू असतानाच घोडी गेली. शवविच्छेदनात मोठ्या आतड्याची भिंत सुजून जाड झालेली दिसली आणि आतल्या अस्तरावर खसखस उधळावी तसे बारीक करडे-तांबूस ठिपके. भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येक ठिपक्यात वेटोळं घालून बसलेली एक अळी.

हे सायाथोस्टोमिन, म्हणजे लहान लाल जंत. यांच्या सुमारे ५० जाती आहेत आणि कुरणावर चरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घोड्यात त्यातल्या काही तरी असतातच. गवताबरोबर अळ्या पोटात जातात, मोठ्या आतड्याच्या भिंतीत शिरतात आणि स्वतःभोवती कोश करतात. काही अळ्या थोड्या आठवड्यांत वाढून बाहेर पडतात. काही मात्र वाढ थांबवून तशाच दडून राहतात, महिनोन्‌महिने, कधी दोन वर्षांहूनही जास्त. थंड प्रदेशात हिवाळ्याच्या अखेरीस या दडलेल्या अळ्या झुंडीनं भिंत फोडून बाहेर पडल्या की घोडीला झालं तसं होतं. अशा आजारात उपचार करूनही निम्म्यापर्यंत घोडे दगावल्याच्या नोंदी आहेत.

लीदेतली अंडी मोजणं ही फक्त अंडी घालणाऱ्या प्रौढ माद्यांची खबर असते. भिंतीतली अळी अंडी घालत नाही. लाखभर अळ्या भिंतीत आणि लीदेचा अहवाल कोरा, असं सहज होऊ शकतं.

मग सरसकट औषध का देऊ नये? बरीच वर्षं तेच चाललं. १९६६ मध्ये केंटकीच्या ड्रज आणि लायन्स यांनी ठरावीक आठवड्यांनी सगळ्या घोड्यांना जंतनाशक देण्याची पद्धत सुचवली. त्या काळी खरा शत्रू होता स्ट्राँगायलस वल्गॅरिस, आतड्याच्या रक्तवाहिन्यांत फिरणारा मोठा लाल जंत. त्याच्यामुळे रक्ताच्या गुठळ्या होऊन घोडे पोटदुखीनं मरायचे. पद्धत लागू पडली, मोठा जंत मागे हटला. पण लहान जंतांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच औषधांखाली वाढल्या आणि जे तगले त्यांचीच संतती कुरणावर पसरली. बेन्झिमिडॅझोल गटाची औषधं आज बऱ्याच ठिकाणी त्यांच्यावर चालत नाहीत, पायरँटेलचंही तेच. भिंतीतल्या अळ्यांवर भरवसा ठेवावा असं औषध उरलं आहे ते मुख्यतः मॉक्सिडेक्टिन. आणि ते शरदात किंवा हिवाळ्यात प्रत्येक घोड्याला एकदा, डोळे झाकून, दिलं जातं. तेही गमावलं तर त्याच्यामागे उभं राहणारं औषध दिसत नाही.

अडचण

घोडीच्या डॉक्टरांनी आमच्या गटप्रमुखांना फोन केला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. ते म्हणाले, ‘मॅडम, माझ्याकडे पन्नास घोडे आहेत. भिंतीत अळ्या कुणाच्या आहेत आणि कुणाच्या नाहीत हे कळायला मार्ग नाही. सगळ्यांना औषध देतो, कारण ज्याला दिलं नाही तोच मेला तर मालकाला काय सांगू?’

रक्तातून याचं उत्तर मिळेल असं मानायला आधार होता. चपट्या जंतासाठी, ॲनोप्लोसेफला परफोलियाटासाठी, १२/१३ किलोडाल्टन वजनाच्या प्रतिजनावर (प्रतिपिंड ज्याला चिकटतात त्या जंताच्या प्रथिनावर) बेतलेली एलायझा १९९६ पासून माहीत होती. लहान लाल जंतांच्या अळ्यांमधल्या २० आणि २५ किलोडाल्टनच्या प्रथिनांविरुद्ध घोड्याच्या रक्तात आयजीजी(टी) जातीचे, म्हणजे आयजीजी या प्रतिपिंडांच्या मुख्य गटातल्या एका उपप्रकाराचे, प्रतिपिंड वाढतात, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. पण ती प्रथिनं मिळवायची तर मेलेल्या घोड्याच्या आतड्यातून अळ्या एकेक वेचाव्या लागतात. त्यावर रोजची चाचणी उभी राहत नाही.

आम्ही कागदावर उद्दिष्ट लिहिलं: ‘भिंतीतल्या अळ्यांचा संसर्ग रक्तातून ओळखणं.’ वाक्य सुटसुटीत आहे. पुढची दोन वर्षं आम्ही ज्या गोंधळात काढली त्याचं मूळ याच वाक्यात होतं. पण ते तेव्हा कुणाला खटकलं नाही.

पर्याय: रक्तात शोधायचं काय?

पहिला पर्याय अळ्यांचा थेट अर्क वापरायचा. त्यात सगळी प्रथिनं येतात, म्हणून पकड चांगली. पण गोल जंतांची बरीच प्रथिनं एकमेकांसारखी असतात. शिंगरांच्या पोटातला मोठा जंत पॅरास्कॅरिस असो की स्ट्राँगायलस, अर्क सगळ्यांच्या प्रतिपिंडांना साद देतो. शिवाय प्रत्येक खेपेचा अर्क वेगळा. हा पर्याय आठवड्यात बाद झाला.

दुसरा पर्याय, एकच प्रथिन जिवाणूंकडून बनवून घ्यायचं. साठा हवा तेवढा आणि खेपागणिक सारखा. अडचण जातींची. एका जातीचं प्रथिन दुसरीविरुद्धचे प्रतिपिंड पकडेलच असं नाही. ५० जातींपैकी थोड्याच जाती बहुतेक घोड्यांत मोठ्या संख्येनं सापडतात, सायाथोस्टोमम कॅटिनाटम, सायलिकोसायक्लस नॅसाटस आणि सायलिकोस्टेफॅनस लॉंगिबर्सॅटस त्यांत आघाडीवर, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब.

तिसरा पर्याय, मुख्य जातींमधली दोन-तीन प्रथिनं निवडून मिश्रण करायचं. आम्ही हा घेतला. यात एक किंमत आहे: प्रत्येक वाढीव प्रथिन थोडे जास्त घोडे पकडतं आणि थोडा जास्त गोंगाट, म्हणजे खोटे पॉझिटिव्हही, आणतं. त्यामुळे आणखी दोन प्रथिनं हाताशी असतानाही आम्ही तिनावर थांबलो. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

इथेच माझी पहिली चूक झाली. प्रथिनं ई. कोलाय जिवाणूंत बनवली होती. पहिल्या, बारीक खळग्यांच्या प्लेटवर जंतमुक्त वाढवलेल्या घोड्यांचं रक्तजल (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) घातलं. तो नमुना सोन्याच्या मोलाचा असतो, कारण गवत न चाखलेला घोडा मिळणं अवघड. त्या खळग्यांत रंग येऊ नये अशी अपेक्षा. शेवटचा रंगद्रव घातला आणि दहा मिनिटांत सगळी प्लेट निळी, जंतमुक्त घोड्यांच्या खळग्यांसकट. आम्ल घालून थांबवली तेव्हा पिवळीधमक. मी घोड्यांवर संशय घेतला, मग नमुन्यांच्या लेबलांवर, मग शीतपेटीवर. तीन आठवडे गेले. शेवटी एका सहकाऱ्यानं सहज विचारलं, ‘ई. कोलाय नसलेला घोडा पाहिलायस का कधी?’ प्रत्येक घोड्याच्या आतड्यात ई. कोलाय असतो आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडही असतात. माझ्या प्रथिनात जिवाणूंचे अवशेष राहिले होते आणि घोड्यांचं रक्त त्यांना ओळखत होतं. प्रथिन आणखी एकदा शुद्ध केलं, रक्तजल पातळ करायच्या द्रवात ई. कोलायचा अर्क घातला म्हणजे ते प्रतिपिंड आधीच गुंतून पडतील, आणि जंतमुक्त खळगे पुन्हा पाण्यासारखे स्वच्छ दिसले.

प्रतिपिंड कुठला मोजायचा यावर वाद झाला नाही. सगळे आयजीजी मोजण्यापेक्षा आयजीजी(टी) मोजला तर जंतांशी नातं जास्त जवळचं दिसतं. तेवढ्यावर पुढे गेलो.

पर्याय: खरं काय, हे कुणाला विचारायचं?

चाचणी बरोबर की चूक हे ठरवायला दुसरं, तिच्याहून पक्कं उत्तर हवं. जिवंत घोड्याच्या आतड्याच्या भिंतीत डोकावता येत नाही. म्हणून कत्तलखान्यात किंवा इतर कारणांनी मेलेल्या घोड्यांचं रक्त आणि आतडं दोन्ही गोळा करायचं, भिंतीतल्या अळ्या मोजायच्या आणि रक्ताच्या आकड्याशी ताडून पाहायच्या.

मोजायच्या दोन रीती. एक, आतड्याचा तुकडा ताणून दिव्यासमोर धरायचा आणि ठिपके मोजायचे. तासाभरात काम होतं, पण सगळ्यात लहान, वाढ थांबवून बसलेल्या अळ्या त्यात बऱ्याच निसटतात, आणि आम्हाला नेमक्या त्याच हव्या होत्या. दुसरी रीत, ठरावीक वजनाचा तुकडा पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ३७ अंशांवर पचवायचा. भिंत विरघळते, अळ्या उरतात.

आम्ही दुसरी घेतली. त्या खोलीचा वास कपड्यांतून घरी यायचा. बीकरमध्ये तपकिरी लापशी फिरत असते, अधूनमधून थांबवून पाहायचं. वेळ कमी पडला तर अळ्या भिंतीतच राहतात आणि जास्त झाला तर त्याही विरघळतात. मग चाळणीतून गाळ घ्यायचा, एका घोड्याचे तीन भाग, आंधळं आतडं, खालचं बृहदांत्र, वरचं बृहदांत्र, वेगवेगळे. सगळं मोजणं अशक्य, म्हणून गाळाचा २ टक्के भाग मोजून ५० नं गुणायचं. सूक्ष्मदर्शकाखाली एक अळी नजरेतून सुटली तर हिशेबात ५० चा फरक. मोजणाऱ्या दोघांना एकमेकांचे आकडे आणि रक्ताचे आकडे दाखवायचे नाहीत, असं आम्ही ठरवलं होतं. ते शेवटपर्यंत पाळलं. या प्रकरणात मनापासून अभिमान वाटावा अशी गोष्ट तीच.

जे पाळलं नाही ते वेगळंच. कत्तलखान्यातल्या घोड्यांचं वय दातांवरून अंदाजे, औषधाचा इतिहास बहुतेकांचा अज्ञात आणि वयस्कर घोडे जास्त. हा सगळा रकाना आम्ही रिकामा सोडला. ‘नंतर बघू’ असं माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

निर्णय: रेघ

नमुने जमले, रक्ताचे आकडे आले. अपेक्षेप्रमाणे जास्त अळ्या असलेल्या घोड्यांचे आकडे साधारण वर, कमी असलेल्यांचे खाली, आणि मध्ये बराच मोठा सरमिसळीचा पट्टा. आता रेघ ओढायची होती: या आकड्याच्या वर पॉझिटिव्ह, खाली निगेटिव्ह.

त्याआधी दुसरी एक रेघ लागते, जिच्याकडे नवखे लोक लक्ष देत नाहीत. संसर्ग म्हणजे किती अळ्या? एकही अळी चालणार नाही म्हटलं तर जवळपास सगळे घोडे पॉझिटिव्ह आणि चाचणी निरुपयोगी. आम्ही १,००० अळ्यांची मर्यादा धरली. हजार अळ्यांनी घोडा आजारी पडत नाही. त्यासाठी त्याच्या कितीतरी पट लागतात. पण हजाराच्या खाली असलेल्याला औषध न देणं निर्धोक आहे, यावर सगळ्यांचं एकमत होतं. या चर्चेत उद्दिष्टाचं मूळ वाक्य जागच्या जागी बदलत होतं. प्रश्न ‘संसर्ग आहे का’ असा राहिला नव्हता, ‘औषधाशिवाय चालेल का’ असा झाला होता. कुणी तो तसा बोलून दाखवला नाही.

संख्याशास्त्र पाहणाऱ्या सहकारी ताईंनी पडद्यावर आलेख लावला: रेघ कुठे ओढली तर किती खरे पॉझिटिव्ह सापडतात आणि किती खोटे निघतात, हे दाखवणारा वक्र. वक्राचा जो बिंदू डावीकडच्या वरच्या कोपऱ्याला सगळ्यात जवळ, तिथे रेघ घेतली की दोन्ही प्रकारच्या चुकांचा मेळ बसतो. पाठ्यपुस्तकात असंच असतं. वीस मिनिटांत बैठक संपली. डॉक्टरांना बोलावलंच नव्हतं. बैठक ‘आतली’ होती ना.

त्या बिंदूत काय चुकलं ते दाखवायला गोल आकडे धरतो. ते आमच्या चाचणीचे नाहीत, फक्त हिशेबासाठी आहेत. समजा १०० घोडे आहेत आणि २० जणांच्या भिंतीत हजारावर अळ्या आहेत. वरची रेघ, म्हणजे त्या बिंदूची, घेतली तर चाचणी अळ्या असलेल्यांतले ८० टक्के पकडते आणि नसलेल्यांतले ९० टक्के बरोबर सोडते. म्हणजे १६ सापडले, ४ निसटले, ८ जणांना उगाच औषध. एकूण ८८ उत्तरं बरोबर. खालची रेघ घेतली तर पकड ९५ टक्के, पण बरोबर सोडण्याचं प्रमाण ७०. मग १९ सापडले, १ निसटला, २४ जणांना उगाच औषध. बरोबर उत्तरं ७५. कागदावर वरची रेघ जिंकते. पण उगाच दिलेला एक डोस आणि निसटलेला एक घोडा या दोन चुका एका तागडीत मोजायच्या का? आलेखाला त्या सारख्याच वाटतात. तबेल्यात तसं कुणी मानत नाही. आणि खालची रेघ घेऊनही शंभरातल्या ५७ घोड्यांचा डोस टळतोच. आज ते सगळ्या शंभरांना दिलं जातं.

आम्ही वरची रेघ घेतली.

काय घडलं

चाचणी चार तबेल्यांत वापरून पाहायची ठरली. तीन तबेले डॉक्टरांचे जुने, घोडे प्रौढ, कुरणातली लीद नियमानं उचलली जाते, लीदेचे अहवाल वर्षानुवर्षं कमी. चौथ्यात तरुण घोडे दाटीवाटीनं वाढवलेले, बाहेरून नवे येत-जात, आणि लीद उचलायला माणसं पुरत नसत.

पहिल्या तिन्ही तबेल्यांत निम्म्याहून जास्त घोड्यांचा औषधाचा डोस टळला आणि त्या हिवाळ्यात कुणाला काही झालं नाही. आम्ही खुशीत होतो. यात चाचणीचं श्रेय किती आणि स्वच्छ कुरणाचं किती, हा प्रश्न विचारायला हवा होता.

चौथ्या तबेल्यातून फेब्रुवारीत फोन आला. दोन वर्षांचा एक घोडा, पातळ जुलाब, झपाट्यानं वजन घटलेलं. शरदात त्याचा अहवाल निगेटिव्ह, म्हणून त्याला मॉक्सिडेक्टिन दिलं नव्हतं. मी वहीतला मूळ आकडा काढला. तो रेघेच्या केसभर खाली होता. डॉक्टरांना पाठवलेल्या कागदावर मात्र एकच शब्द होता: निगेटिव्ह. सलाईन, स्टेरॉइड आणि औषधं देऊन घोडा वाचला. डॉक्टर आमच्याशी चढ्या आवाजात बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘हे काठावरचं होतं, हे तुम्हाला माहीत होतं?’

उत्तर ‘हो’ होतं.

पुन्हा तोच गोल आकड्यांचा हिशेब लावला तेव्हा सगळं उघडं पडलं. चौथ्या तबेल्यासारख्या जागी १०० पैकी ८० घोड्यांत अळ्या असतील असं धरा. वरच्या रेघेनं ६४ सापडतात, १६ निसटतात. अळ्या नसलेल्या २० पैकी १८ निगेटिव्ह येतात. म्हणजे ३४ निगेटिव्ह अहवाल आणि त्यातले १६ खोटे, जवळपास निम्मे. खालच्या रेघेनंही १८ निगेटिव्हमध्ये ४ खोटेच. चाचणी तीच आणि प्लेटही तीच असताना एका तबेल्यात ‘निगेटिव्ह’ला अर्थ होता आणि दुसऱ्यात तो शब्द नाणं उडवण्याच्या जवळ पोहोचला होता. पाठ्यपुस्तकात हे पहिल्याच धड्यात असतं. आमच्या गटातल्या प्रत्येकानं ते कुठल्या ना कुठल्या परीक्षेत लिहिलेलं होतं.

दुसरी घटना त्याच सुमाराची आणि थोडी हसू येण्यासारखी. एका मालकानं हौसेनं तीन आठवड्यांच्या शिंगराचंही रक्त पाठवलं. आकडा डोळे पांढरे करणारा. तीन आठवड्यांत एवढ्या अळ्या शक्यच नाहीत. घोडीच्या वारेतून प्रतिपिंड पिलाकडे जात नाहीत. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसातल्या चिकातून ते मिळतात. शिंगराच्या रक्तात आम्ही त्याच्या आईचा इतिहास वाचत होतो. मॉक्सिडेक्टिन अगदी लहान शिंगरांना आणि हडकुळ्या जनावरांना द्यायचं नसतं, त्यामुळे हा अहवाल कुणी मनावर घेतला असता तर हसू तिथेच थांबलं असतं.

काय बदललं

यावेळी बैठकीला डॉक्टर होते. त्यांनी पहिल्याच पाच मिनिटांत म्हटलं, ‘अहो, मला आकड्याचं काय करायचंय? औषध देऊ की नको, आणि नको म्हणालात तर किती छातीठोकपणे म्हणताय, तेवढं सांगा.’ त्या वाक्यावर सगळी चाचणी पुन्हा मांडली.

रेघ खाली आणली. एका रेघेच्या जागी दोन घेतल्या. खालच्या रेघेखाली औषध टाळायला हरकत नाही, वरच्या रेघेवर औषध द्यावं, आणि मधल्या पट्ट्यात डॉक्टरांनी घोड्याचं वय, कुरण आणि बाकीच्या घोड्यांच्या लीदेचे अहवाल पाहून ठरवावं. काही सहकाऱ्यांना मधला पट्टा म्हणजे जबाबदारी ढकलणं वाटलं. मला ते उलट वाटतं. सरमिसळ आधीपासून होतीच, फक्त आम्ही ती एका शब्दाखाली झाकली होती. अहवालावर आता आकडाही छापला जातो.

रक्त पाठवताना भरायचा कागद एका ओळीचा होता, तो पानभर झाला. घोड्याचं वय, शेवटचं औषध कुठलं आणि कधी, कुरणावर किती घोडे, लीद उचलली जाते का, सोबतच्या घोड्यांच्या लीदेत अंडी किती. शेवटच्या औषधाची तारीख फार महत्त्वाची. औषधानं अळ्या मेल्या तरी प्रतिपिंड लगेच जात नाहीत. घोड्याच्या आयजीजीचं अर्धायुष्य तीन-चार आठवड्यांचं, म्हणजे वरचा आकडा उतरायला महिने लागतात. औषधाचा गुण आला का हे पाहायला ही चाचणी वापरणं चूक आहे. त्यासाठी लीदच तपासावी.

चौथ्या तबेल्यासारख्या ठिकाणी तर आम्ही सरळ ‘चाचणी करू नका’ असं लिहायला लागलो. जिथे तरुण घोडे दाटीत आहेत आणि बहुतेकांत अळ्या असणारच, तिथे सगळ्यांना डोस द्यावा आणि पैसा लीद उचलणाऱ्या माणसांवर खर्च करावा. प्रयोगशाळेच्या प्रशासनाला हे पटायला वेळ लागला. स्वतःचीच चाचणी विकू नका असं कोण लिहितं?

पुन्हा करायचं झालं तर

डॉक्टरांना पहिल्या बैठकीपासून बोलावेन. त्यांना तंत्रातलं कळतं म्हणून नव्हे. उत्तर हातात आल्यावर माणूस त्याचं काय करणार आहे, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं म्हणून. उद्दिष्टाचं वाक्य असं लिहीन: ‘कुठल्या घोड्याला या हिवाळ्यात मॉक्सिडेक्टिनशिवाय ठेवता येईल?’ त्या वाक्यातून खालची रेघ पहिल्याच दिवशी निघाली असती.

रेघ ज्या नमुन्यांवर ठरवली त्याच नमुन्यांवर तिची परीक्षा घेतली, हे दुसरं. आकडे छान येणारच होते. अर्धे नमुने सुरुवातीलाच कुलूपबंद करून ठेवायला हवे होते आणि त्यात तरुण घोडे हवे होते. कत्तलखान्यातले घोडे मिळतात म्हणून घेतले, चाचणी मात्र त्यांच्यासाठी नव्हती. यावर सोपा उपाय माझ्याकडेही नाही. तरुण, इतिहास माहीत असलेला, आणि ज्याचं आतडं पचवायला मिळेल असा घोडा कुणी मुद्दाम देत नाही आणि मागूही नये. पण निदान वयाचा रकाना रिकामा सोडला नसता तर आमच्या नमुन्यांत तरुण घोडे किती थोडे आहेत हे फेब्रुवारीच्या आधी दिसलं असतं.

ई. कोलायची तीन आठवड्यांची फजिती मात्र मी बदलणार नाही. ती नवख्याला कधीतरी व्हावीच लागते.

चाचणीचं शेवटचं रूप ठरल्यावर शीतपेटीच्या तळाशी एक जुनी नळी सापडली, ज्या घोडीपासून हे सुरू झालं तिचं रक्तजल, मरायच्या दोन दिवस आधीचं. उत्सुकतेनं प्लेटवर घातलं. आकडा मधल्या पट्ट्यात आला. आतडं अळ्यांनी भरलेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या सुजलेल्या भिंतीतून प्रथिनं गळत होती म्हणून आकडा खाली आला, की तिच्या शरीरानं प्रतिपिंड पुरेसे बनवण्याआधीच अळ्यांनी गाठलं, एका नळीवरून सांगता येत नाही. कागदाच्या सगळ्यात वरची ठळक ओळ त्या दिवशी टाकली: ‘जुलाब, सूज किंवा झपाट्यानं वजन घटणं यांपैकी काही दिसत असेल तर या अहवालाची वाट पाहू नका.’